टाचेखालचा जमीनदार

लवंगेने आजवर पुष्कळांना शब्दांनी टोचलं होतं. टाचेने टोचलेला पहिला माणूस मात्र हाच.

झालं असं, की सकाळची वेळ होती, हातात एका जळालेल्या गोदामाची फाइल होती आणि तिचं सगळं लक्ष त्या गोदामात होतं. विमा कंपनीच्या त्या लांबलचक ऑफिसात लाकडी फ्लोअरिंग झाल्यापासून लवंगेला चालायला भारी आवडायचं. टॉक, टॉक, टॉक... आवाज ऐकून माणसं आपोआप खुर्चीत सरळ बसायची. त्या दिवशी दोन टॉक नीट वाजले आणि तिसरा वाजलाच नाही. त्याऐवजी जमिनीतून कोणीतरी ओरडलं.

"आई गं!"

तिने खाली पाहिलं. एक तरुण माणूस पालथा पडला होता. गाल लाकडाला टेकलेला, एका हातात टॉर्च, आणि दुसऱ्या हाताची बोटं... तिच्या टाचेखाली.

"तुम्ही इथे काय करताय?" टाच उचलायची सोडून तिने विचारलं. क्लेम विभागातल्या माणसाची ही खोडच. आधी चौकशी, मग मदत.

"आत्ता तर ओरडतोय," तो म्हणाला. "टाच उचललीत तर दुसरं काही करता येतं का बघतो."

तिने झटकन पाय मागे घेतला. "सॉरी! फार लागलं का? पण... चालत्या वाटेवर असं कोणी आडवं पडतं का?"

"तुमचाच माग काढत होतो."

"माझा?"

त्याने टॉर्च जमिनीलगत तिरपा धरला आणि लवंगेच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या मधाच्या रंगाच्या जमिनीवर, दारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत मटाराएवढ्या खड्ड्यांची रांगच रांग लागली होती.

"खळ्या पडल्यात," तो म्हणाला.

"खळ्या म्हणताय म्हणजे आवडल्या वाटतं. आणि सगळ्या माझ्याच कशावरून? ऑफिसात काय मी एकटीच टाचा घालते?"

"सगळ्यांच्या टाचा बघितल्या. इतकं बारीक टोक फक्त तुमचं आहे." त्याने आपलं मधलं बोट टॉर्चपुढे धरलं. त्यावर एक लालबुंद गोल उमटला होता, अगदी त्याच मापाचा. "आणि आता तर पुरावाही मिळाला."

लवंगेला हसू आलं. तिने ते फाइलीच्या आड लपवलं आणि जरा जास्तच टॉक टॉक करत ती तिथून निघून गेली.

ते फ्लोअरिंग त्यानेच केलं होतं, आणि ते बिघडलं म्हणून मोठ्या साहेबांनी त्यालाच बोलावून घेतलं होतं. ऑफिसने त्याचं नाव जमीनदार ठेवलं. तो सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा आणि मधला सगळा वेळ गुडघ्यांवर, कोपरांवर नाहीतर पोटावर असायचा. त्याला उभं असं कोणी पाहिलंच नव्हतं.

आता लवंग हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते थोरल्या भावाने ठेवलेलं. दिसायला एवढीशी आणि दाताखाली आली की डोळ्यांत पाणी. उंचीच्या बाबतीत देवाने माप घेताना भलतीकडेच पाहिलं होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक दांडगा ट्रकमालक तिच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला होता, "बाळ, घरात मोठं कोणी आहे का?" घरात! ऑफिसात उभं राहून! त्याच संध्याकाळी तिने पहिल्या उंच टाचा विकत घेतल्या. फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. पण पुन्हा तिला बाळ म्हणायची कोणाची टाप झाली नाही. टाचांवर चढलं की लवंगेचा आवाजसुद्धा खालच्या पट्टीत यायचा आणि 'तुमचा क्लेम नियमात बसत नाही' हे वाक्य समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणता यायचं. टाच गेली की आपण गेलो, असं तिला अगदी मनापासून वाटत असे.

आणि नेमकी टाचच जायची वेळ आली.

ऑफिसात जुना नियम होता: ग्राहकांना भेटणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांनी उंच टाचांची पादत्राणे वापरावीत. ती नोटीस फलकावर पिवळी पडली होती. सोमवारी तिच्या शेजारी नवी कोरी नोटीस लागली: लाकडी जमिनीवर महिला कर्मचाऱ्यांनी उंच टाचांची पादत्राणे वापरू नयेत. दोन्हींखाली सही मोठ्या साहेबांचीच. ग्राहकांना भेटायच्या खोलीत गालिचा होता खरा, पण तिथवर पोचायला लाकडावरून गेल्याशिवाय इलाज नव्हता. मग काय! बायका टाचा हातात घेऊन लाकडावरून अनवाणी जाऊ लागल्या, गालिच्याच्या काठावर एका पायाने लंगडी घालत त्या चढवू लागल्या, आणि दार उघडून गंभीर चेहऱ्याने "नमस्कार, बसा" म्हणू लागल्या. एका म्हाताऱ्या ग्राहकाने तर आपलेही बूट बाहेर काढून ठेवले. त्यांना वाटलं, इथली पद्धतच असेल.

कॅशियरकाकू मात्र खुशीत होत्या. काकूंच्या दोन्ही पायांना कुरुपं होती.

"देव पावला गं बाई," सपाट चपला फटाफटा वाजवत त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं त्या टोकांवर उभी राहून जीव नुसता मेटाकुटीला आला होता."

"पण काकू, मला घालायच्या आहेत त्याचं काय?"

"तुझी ती हौस, माझी ती शिक्षा. माझी शिक्षा संपली तर तुझं तोंड का उतरलं?"

"कारण घाला म्हणताना आपल्याला कोणी विचारलं नाही, आणि काढा म्हणतानाही नाही."

काकू क्षणभर थबकल्या. "हे मात्र खरं हं," म्हणाल्या, आणि तरीही चपला वाजवतच गेल्या.

त्याच दुपारी मोठ्या साहेबांनी लवंगेला आत बोलावलं. अनवाणी पायांनी तिला साहेबांचं टेबल एकदम उंच वाटलं.

"हे बघा, जमिनीचं नुकसान झालंय. दोष टाचांचा की लाकडाचा, तपास करा आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सांगा. टाचांचा असेल तर बंदी कायमची. लाकडाचा असेल तर त्या माणसाने सगळं उखडून स्वतःच्या खर्चाने नवं घालायचं."

"साहेब, पण आरोपी मीच आहे."

"म्हणूनच तर. घरचं माणूस बरं." साहेब पोट हलवत हसले. "आणि त्यात तपासायचं काय आहे म्हणा! नाचता येईना, अंगण वाकडं."

लवंग ओठ चावून बाहेर आली. जमीनदार दाराशीच होता, अर्थात आडवा.

तपासाची सुरुवात जरा चमत्कारिक झाली. सपाट पायांनी त्या माणसासमोर उभं राहायचं नाही, हे लवंगेने पक्कं ठरवलं होतं. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. तिने आपली चाकांची खुर्ची काढली आणि पायांनी वल्हवत ती ऑफिसभर त्याच्या मागे फिरू लागली. तो सरकला की तीही सरकायची.

"मॅडम," तो न राहवून म्हणाला, "चाकांचे ओरखडे टाचांपेक्षा वाईट असतात."

"तुम्ही तुमचं काम करा."

त्याचं काम बघण्यासारखं होतं. तो खळीवर ओला फडका ठेवायचा आणि वरून हलकेच इस्त्री दाबायचा. चर्रर्र करून वाफ उठायची, ओल्या लाकडाचा गोडसर वास यायचा, आणि फडका काढला की दबलेलं लाकूड झोपेतून उठल्यासारखं हळूहळू वर यायचं. लवंग खुर्चीच्या हातावर हनुवटी टेकवून बघत राहायची. प्रश्न विचारायचं कधीकधी राहूनच जायचं.

"इथे सगळ्यांत खोल आहेत," एकदा तो म्हणाला. साहेबांच्या केबिनबाहेर दोन खळ्या शेजारी शेजारी होत्या. "रोज थांबता इथे?"

"हो..."

"का?"

"तपास मी करतेय, तुम्ही नाही."

"बरं." तो पुन्हा इस्त्रीकडे वळला. त्याने आग्रह केला असता तर तिने कधीच सांगितलं नसतं. त्याने केला नाही, म्हणून तिला राहवेना.

"उंची गोळा करते," ती हळूच म्हणाली. "मग दार वाजवते."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. "मी घसा खाकरतो," तो म्हणाला. "आवाज जाड येतो जरा."

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची वल्हवत त्या दाराशी आली तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या खळ्या भरून आल्या होत्या. त्या दोन मात्र तशाच होत्या.

"या का ठेवल्यात?"

"पुरावा... पुरावा आहे ना तो," जमीनदार इस्त्रीच्या वायरशी उगाच झटापट करत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. इस्त्री तर केव्हाची बंद होती.

गुरुवारी मात्र तिने मन घट्ट करून खरा प्रश्न विचारला. क्लेमचा तपास म्हणजे शेवटी एवढंच असतं: वस्तू किती सोसेल, हे आधी कोणी पाहिलं होतं का?

"लाकूड घालायच्या आधी तपासलं होतंत?"

त्याने इस्त्री बाजूला ठेवली. मग उठून मांडी घालून बसला. "तपासलं होतं. मी मोठ्या साहेबांना विचारलं, इथे सगळ्यांत जड माणूस कोण? ते म्हणाले, मीच. मग मी चार फळ्या टाकल्या आणि त्यांना... उड्या मारायला सांगितल्या."

"कोणाला?"

"साहेबांना. कोट काढून, दोन्ही पायांनी. फार मनापासून मारल्या हो त्यांनी. फळीला साधा चरा नाही. म्हणाले, हत्ती चालला तरी चालेल, पास!"

लवंग इतकी हसली, की खुर्ची मागे धावत जाऊन कपाटावर आदळली. ती डोळे पुसत परत आली तेव्हा तो मात्र हसत नव्हता.

"हत्तीचा पाय परातीएवढा असतो," तो म्हणाला. "तुमची टाच मटाराएवढी. चालताना अख्खं वजन त्या मटारावर येतं. एवढं मला कळायला हवं होतं. मी जड माणूस शोधत बसलो. पण तुम्ही काय घालून चालता, हे इथल्या एकाही बाईला विचारलं नाही."

"म्हणजे या ऑफिसात माझं वजन साहेबांपेक्षा जास्त पडतं?"

"कितीतरी जास्त," तो म्हणाला. आणि मग, तिच्याकडे न बघता, "...ऑफिसाबाहेरही."

लवंगेने खुर्ची वळवली आणि घाईघाईने वल्हवत ती आपल्या टेबलाकडे निघून गेली.

संध्याकाळभर ती घरात अस्वस्थ होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. खरं सांगावं तर हा माणूस बुडतो. न सांगावं तर आपण जन्मभर लंगडी घालायची, आणि पुन्हा एखादा ट्रकमालक येऊन बाळ म्हणायचा. आणि खोटा निकाल द्यायची तर तिला सवयच नव्हती.

शुक्रवारी सगळे मीटिंगला जमले. जमीनदार दारापाशी कोपऱ्यातली पट्टी बसवत होता. साहेबांनी लवंगेकडे बघून मान हलवली. ती उभी राहिली, पायांत काही नव्हतं. तिने तोंड उघडलं.

"थांबा मॅडम," मागून आवाज आला. "मी सांगतो."

आणि जमीनदार उभा राहिला. लवंग बघत राहिली, की अजून थोडा वर येईल, अजून थोडा येईल... आलाच नाही. जेमतेम तिच्याहून दोन बोटं उंच. तिने टाचा घातल्या असत्या तर तो तिच्या कानापर्यंत आला असता. पण तो असा निवांत उभा होता, जणू उंची हा विषय त्याच्या अभ्यासक्रमातच नव्हता. घसासुद्धा त्याने खाकरला नाही.

"चूक माझी आहे. टाचांची नाही. लाकूड मऊ निवडलं. मी बदलून देतो."

"बघा!" साहेब म्हणाले. "तपासायला नको होतं का आधी?"

त्याने साहेबांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "तपासलं होतं साहेब. माझ्या पद्धतीने." बस्स, एवढंच. उड्यांबद्दल चकार शब्द नाही.

हा माणूस साहेबांची अब्रू राखत होता, तिची टाच राखत होता, आणि स्वतः मात्र बुडत होता. मग तिचा राग नाकावर आला, आणि राग आला की तिची भीती पळून जात असे.

"साहेब, तपास अजून पुरा झालेला नाही," ती म्हणाली. "लाकूड मऊ होतं. पण ते पास कोणी केलं? फळ्यांवर उड्या कोणी मारल्या?"

सगळ्या माना वळल्या. साहेब तांबडेलाल झाले.

"उड्या नव्हत्या त्या!" ते गरजले. "चाचणी होती! आणि कोट काढून केली होती!"

आधी काकू फुसकन हसल्या. मग कोणालाच आवरेना. शेवटी साहेबांचंही पोट हलायला लागलं.

"अंगण खरंच वाकडं होतं, साहेब," लवंग म्हणाली. "त्यांनी चुकीचं निवडलं, तुम्ही चुकीचं पास केलं. खर्च निम्मा निम्मा. आणि त्या दोन्ही नोटिसा काढा. काकूंना टाचा नकोत, मला हव्यात. पाय आमचे आहेत, ते आमचं आम्ही बघू."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे सगळं आपण अनवाणी उभं राहून बोललो. टाचांवाचून अडत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. हव्याशा मात्र त्या अजूनही होत्या, आणि त्याचं तिला फार बरं वाटलं.

दोन्ही नोटिसा संध्याकाळच्या आत फलकावरून गेल्या, खर्चही निम्मा निम्मा ठरला. जमीनदार हत्यारं आवरत होता.

"रविवारी..." तो म्हणाला आणि थांबला. "बागेसमोर चहाचं दुकान आहे."

"तपासासाठी?"

"तपास संपला."

"मग कशासाठी?"

"संपला म्हणूनच," तो म्हणाला. कान पुन्हा लाल.

घरी वहिनीने पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं. "आणि उंचीला कसा आहे?"

"माझ्याहून दोन बोटं. टाचा घातल्या तर... कानापर्यंत."

"मग लवंगाबाई, रविवारी मुकाट्याने सपाट चपला घाला. पुरुषांच्या मनाला लागतं गं ते."

"मला नाही कधी लागलं," वर्तमानपत्रामागून दादा म्हणाला.

"तुम्ही सहा फूट आहात. तुम्हाला लागलीच तर दाराची चौकट लागेल."

लवंग हसली, पण वहिनीचं म्हणणं तिच्या मनात घर करून राहिलं. साऱ्या ऑफिसशी भांडून मिळवलेल्या टाचा रविवारी तिने स्वतःच्या हाताने कपाटात ठेवल्या. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, त्याला उणं वाटू नये म्हणून. कपाट लावताना जीव थोडा खट्टू झाला. पण प्रेमात थोडं सोडावं लागतं, असं तिने स्वतःला बजावलं, आणि मग 'प्रेमात' हा शब्द आपण वापरला, या विचाराने ती जिन्यातच थबकली.

बागेसमोर बारीक पाऊस लागला होता. दुकानाच्या पत्र्यावर तो टपटपत होता आणि उकळत्या चहाचा वास रस्त्याच्या पलीकडेपर्यंत पसरला होता. लवंग पत्र्याखाली उभी राहून वाट बघत होती. एवढ्यात बागेच्या कठड्याला धरून, गुडघे वाकवत, एकेक पाऊल जपून टाकत कोणीतरी उंच माणूस येताना दिसला. बिचाऱ्याचे पाय दुखत असावेत, असं तिला वाटलं. मग त्याने चेहरा वर केला.

"अगं बाई! तुम्ही?"

जमीनदार चक्क तिच्याहून वीतभर उंच झाला होता. पायांत चकचकीत बूट होते, आणि बुटांना या एवढ्या जाड, उंच टाचा.

"हे काय घातलंय?"

"बूट..." तो कसाबसा म्हणाला.

"ते दिसतंय! पण टाचा?"

"तुम्ही उंच टाचांत येणार. शेजारी चालताना तुम्हाला मान खाली घालून बोलावं लागू नये म्हणून..." बोलता बोलता त्याची नजर तिच्या पायांकडे गेली. "आणि तुमच्या कुठे आहेत?"

"घरी. कपाटात."

"का?"

"तुम्हाला मान वर करावी लागू नये म्हणून."

दोघांनी एकमेकांच्या पायांकडे पाहिलं. मग लवंगेला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि हसण्याच्या भरात त्याचा पाय ओल्या फरशीवरून सटकला. त्याने तिचा खांदा धरला. धरलाच, आणि मग सोडायचं विसरला.

"मॅडम, हे... तुम्ही हे रोज करता?"

"रोज. फाइल वाचत वाचत."

"दंडवत घालावासा वाटतो. पण खाली वाकलो तर उठता यायचं नाही."

तिने त्याला बाकावर बसवलं आणि बूट काढायला लावले. टाचेवर टपोरा फोड आला होता. चहावाल्याकडून ती पाणी घेऊन आली, स्वतःचा रुमाल भिजवून त्यावर ठेवला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "आधी मला तुमच्या चालण्याचा आवाज आवडला. मग त्या दाराबाहेरच्या दोन खळ्या आवडल्या. मग... तुम्ही. सगळ्याच."

"याच क्रमाने?"

"जमिनीपासून वर आलो. धंदाच तसा आहे. पण त्यात उंची कुठे आली नाही बघा. एकदाही नाही."

पाऊस थोडा वाढला होता. लवंगेला काहीतरी टोचून बोलायचं होतं, पण एकही शब्द टोकदार सापडेना. मनातून इतका आनंद झाला होता, की तो लपवायचाही तिला कंटाळा आला.

"पुढच्या रविवारी मी टाचा घालून येणार," ती म्हणाली.

"या ना."

"मग तुम्ही माझ्या कानापर्यंतच याल हं. सांगून ठेवते."

"कानापर्यंत आलो की पुरे," जमीनदार म्हणाला. "मला जे सांगायचंय, ते तिथेच सांगायचंय."

"पुढचा रविवार फार लांब आहे हो," लवंग म्हणाली, आणि तिने कान पुढे केला.